जखमेला कळतं, जवळ कोण आहे

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांनी आपल्या टाळूला मुद्दाम जखम करून घेतली. तीही दोनदा. पहिली उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुसरी परीक्षा तोंडावर आली असताना. दोन्ही जखमा साडेतीन मिलिमीटरच्या, एक टाळूच्या उजव्या बाजूला तर दुसरी डाव्या. रोज फोटो काढून जखम किती भरली ते मोजलं. १९९८ साली निकाल छापून आले. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी ३ दिवस जास्त लागले होते, म्हणजे ४० टक्के अधिक वेळ. आणि ११ पैकी एकाचीही जखम परीक्षेच्या दिवसांत सुट्टीइतक्या लवकर भरली नव्हती.

आता टाळूला काय ठाऊक, की सोमवारी पेपर आहे? पण ठाऊक असतं. काळजी लागली की मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. जखमेकडे पहिल्या काही तासांत धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना जी रासायनिक हाक जाते, ती कॉर्टिसॉलमुळे क्षीण होते. साफसफाई उशिरा सुरू होते, मग विणकर पेशी उशिरा येतात, मग कोलॅजनचे धागे उशिरा पडतात. हे सगळं तरुण, धडधाकट, स्वतःच्याच कॉलेजात वावरणाऱ्या मुलांचं. जखम म्हणाल तर तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान.

मग पोट उघडून आतडं शिवलेल्या, चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरजवळच्या कोलाऱ्याच्या किंवा नेरीच्या एखाद्या आजीचं काय होत असेल?

१९४२च्या क्रांतीमुळे आणि बालाजीच्या घोडायात्रेमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या चिमूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण शस्त्रक्रिया मोठी असली की बहुतेकांना चंद्रपूर, सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठावं लागतं. ताडोब्याच्या कडेच्या गावातली ही माणसं गोंड, माना, गोवारी, ढिवर, कुणबी. त्यांची बोली झाडीबोली. वॉर्डात गेल्या गेल्या आजीच्या अंगावरचं लुगडं उतरतं, बांगड्या उतरतात, दंडाचा काळा दोरा कापला जातो, नातवाला दाराबाहेर काढलं जातं. उंच लोखंडी खाट, चोवीस तास जळणारी ट्यूबलाइट, बाजूला अनोळखी माणसं. त्यात तिच्याशी बोलणारी प्रत्येक व्यक्ती पुस्तकी मराठी बोलते आणि घाईत असते. परीक्षाच म्हणायची, फक्त अभ्यासक्रम कोणी सांगितलेला नाही.

या जंगलातल्या माणसांना दवाखान्याबद्दल काय वाटतं, हे त्यांनाच विचारण्याची बुद्धी सुदैवानं कोणाला तरी झाली, आणि तीही शेजारच्याच जिल्ह्यात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असं त्यांनी गावोगावच्या बैठकांत विचारलं. अज्ञान, अंधश्रद्धा, गरिबी ही शहरातली ठरावीक उत्तरं आली नाहीत. लोक म्हणाले, इमारत एवढी मोठी की आम्ही हरवतो. आमच्याशी आमच्या भाषेत कोणी बोलत नाही. आजाऱ्याला एकट्याला ठेवून घेता आणि आम्हाला भेटायची वेळ ठरवून देता. तिथे देव नाही. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. पांढरं नेसलेली माणसं जीव कसा वाचवणार?

हा शेवटचा मुद्दा ऐकून हसू येत असेल तर थोडं थांबा. पांढरा कोट हा काही वैद्यकाचा सनातन पोशाख नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातले डॉक्टर काळ्या कोटात रुग्ण तपासत. पांढरा आला तो प्रयोगशाळेची प्रतिष्ठा अंगावर चढवण्यासाठी. आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतून तो पुढे हद्दपारही झाला. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जननं दिव्यांच्या झोतात पांढरा रंग डोळ्यांवर येतो म्हणून पालकासारखा हिरवा रंग स्वीकारला. सर्जनच्या डोळ्यांना त्रास झाला तर रंग बदलता येतो. रुग्णाच्या काळजाला झाला तर का बदलू नये?

सर्चनं गडचिरोली-धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम वसवलं, तेव्हा तिथला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला. रुग्णासोबत घरचे राहतील, चूल पेटवतील, अशी सोय ठेवली. लोकांनीच सुचवलं म्हणून दवाखान्याला नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे सर्जन इथे येऊन मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात. म्हणजे गोष्ट किरकोळ ताप-खोकल्याची नाही. मज्जारज्जूपासून काही मिलिमीटरवर हत्यार चालवल्यानंतरची शुश्रूषा इथे होते, आणि उशाशी घरचं माणूस असतं.

गडचिरोलीतल्याच हेमलकशाचीही हीच तऱ्हा. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अस्वलानं चेहरा फाडलेले माडिया रुग्ण शिवले, तेही सुरुवातीच्या काळात जवळजवळ कोणतीही साधनं नसताना. रुग्ण झाडाखाली, कुटुंब शेजारी. त्या दिवसांत दुसरा इलाजच नव्हता हे खरं. पण इलाज नसताना केलेली गोष्ट कधीकधी शास्त्राच्या पुढे निघून जाते.

त्याचा पुरावा पेनसिल्व्हानियातल्या एका उपनगरी रुग्णालयात पडून होता. रॉजर अलरिच या संशोधकानं १९७२ ते १९८१ या काळातल्या पित्ताशय काढलेल्या रुग्णांचे जुने कागद उकरले आणि त्यातून २३ जोड्या जुळवल्या. वय, लिंग, प्रकृती सारखी. फरक फक्त खिडकीचा. एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची तपकिरी भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. १९८४ साली हा निबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि जगभरच्या रुग्णालयांचे नकाशे बदलू लागले. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. अलरिचच्या हाताशी होत्या त्या नर्सेसनी लिहिलेल्या नोंदी: ‘रुग्ण अस्वस्थ, रडत आहे’, ‘धीर द्यावा लागला’ अशा धाटणीच्या. अशा नकारात्मक नोंदी भिंतवाल्यांच्या कागदांवर कितीतरी जास्त निघाल्या. डॉक्टरांच्या कागदावर पित्ताशय होतं. माणूस होता तो नर्सच्या कागदावर.

आणि नर्सच्याच कागदावर एक मोठा सापळाही असतो. तो दुखण्याचा.

आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर वेदना मोजायची रीत म्हणजे शून्य ते दहा आकडा विचारायचा. कागदावर ठीक आहे. पण ज्या बाईनं आयुष्यभर चिखलात वाकून रोवणी केली आणि दुखण्याचं नाव काढायचं नाही हेच शहाणपण मानलं, ती काय आकडा सांगणार? संवाद साधारण असा होतो.

“आजी, दुखते का?”

“नाई बाई. बरा आहे.”

नोंद: वेदना नाही. आजी मात्र डोळे मिटून, मुठी आवळून, वरच्यावर श्वास घेत पडलेली. जाणती नर्स इथे पुढचं वाक्य बोलते: “मंग एकदा खोकून दाखवा बरं.” आजी खोकायला जाते आणि अर्ध्यातच थांबते. आता उत्तर मिळालं.

खोकला हा नुसता वेदनेचा मापक नाही. पोटावर मोठा छेद असला की माणूस दुखू नये म्हणून उथळ श्वास घेतो. फुप्फुसाच्या तळाशी असलेल्या हवेच्या इवल्या पिशव्या उघडत नाहीत, चिकटून बसतात, त्यात स्राव साचतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया. ‘बरा आहे’ या दोन शब्दांनी होणारा न्यूमोनिया! म्हणून वेदनाशामक द्यायचं, पोटावर उशी घट्ट धरून खोकायला शिकवायचं आणि तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र हातात द्यायचं. पहिल्यांदा हातात घेतलेला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यात फुंकतो. फुंकणीनं चूल पेटवलेली बाई तर जीव तोडून फुंकते. गोळ्या जागच्या हलत नाहीत, कारण श्वास आत ओढायचा असतो. हे एकदा करून दाखवलं की गोळ्या वर उडतात आणि आजी हसते. हे हसणंही फुप्फुसाला चांगलंच.

दुखणं बोलून दाखवण्याच्या किंवा गिळण्याच्या रीतींचाही अभ्यास झाला आहे. न्यूयॉर्कच्या माजी सैनिकांच्या एका रुग्णालयातल्या पाहणीवरून मार्क झ्बोरोव्स्की या अभ्यासकानं १९५२ साली लिहिलं की इटालियन आणि ज्यू घरांतून आलेले रुग्ण मोकळेपणानं कण्हतात, तर जुन्या अमेरिकी घरांतले निर्विकार राहतात. ढोबळ अभ्यास, आज त्यावर टीका होते आणि ती रास्त आहे, कारण अशानं नर्सच्या डोक्यात ‘हे लोक असेच’ असा साचा बसतो. गोंड बाई सोसते असं गृहीत धरून तिला औषध कमी देणं हा तर उलटा अन्याय झाला. ओळखायचा असतो तो समोरचा माणूस, त्याची जात-जमात नव्हे.

आणि माणूस ओळखताना त्याची कातडीही ओळखावी लागते. शुश्रूषेच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं: जखमेभोवती लाली आली की संसर्ग समजावा, ओठ निळे पडले की प्राणवायू कमी समजावा. ही लाली आणि हा निळेपणा गोऱ्या कातडीवरचा. शेतात राबलेल्या सावळ्या-काळ्या अंगावर लाली सहज दिसत नाही. कातडी जांभळट किंवा नुसतीच अधिक गडद होते. तिथे हाताची पाठ टेकवून ऊब तपासावी लागते, बोटानं दाबून कडकपणा पाहावा लागतो. निळेपणा पाहायचा तर जिभेवर आणि खालच्या पापणीच्या आत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरसुद्धा निःपक्षपाती नाही. २०२० साली अमेरिकेत हजारो नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की यंत्र ‘ठीक’ म्हणत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याइतका कमी असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. प्रकाश कातडीतून आरपार जातो आणि वाटेत रंगद्रव्य तो शोषतं. यंत्र बनवणाऱ्यांनी ते गोऱ्या बोटांवर अधिक तपासलं होतं, एवढंच.

चंद्रपूर-गडचिरोलीत याच्या जोडीला सिकलसेल उभा. काही कुटुंबांत रक्तातलं हिमोग्लोबिन असं असतं की प्राणवायू कमी पडला की त्याच्याच कडक काड्या तयार होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होऊन बारीक रक्तवाहिनीत अडकते. थंडी, तहान, उथळ श्वास या तीन गोष्टींनी हे सुरू होतं. आणि शस्त्रक्रियेत नेमकं काय होतं? वातानुकूलित खोली, तासन्‌तासांचा उपास, छेदाच्या भीतीनं अडकलेला श्वास. म्हणून इथल्या नर्सला ब्लँकेट, पाणी आणि त्या तीन गोळ्यांचं यंत्र ही औषधाइतकीच महत्त्वाची.

इथेच घरच्या समजुतींशी गाठ पडते. पाणी दिलं की टाके पिकतात, ही अनेक घरांतली पक्की समजूत. आजी तहानलेली, सून प्रेमानं पाणी नाकारते. उलट शेक देणं चांगलं ही समजूत सिकलसेलच्या रुग्णाला एरवी उपकारक. पण कंबरेत सुई देऊन बधिर केलेले पाय असतील तर गरम पाण्याच्या पिशवीनं पाय भाजतात आणि रुग्णाला कळतही नाही. म्हणजे एकाच घरच्या दोन समजुती: एक सोडायची, एक अर्धी ठेवायची. ब्लँकेट हो, पिशवी नाही.

हे ठेवायचं, जुळवून घ्यायचं की बदलायचं, या तिढ्याला शास्त्राचं रूप दिलं मॅडलिन लाइनिंगर या अमेरिकी नर्सनं. १९५०च्या दशकात सिनसिनाटीत मुलांच्या मानसोपचार केंद्रात काम करताना तिच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या घरांतली मुलं खाणं, झोपणं, जवळ घेणं यांना वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि नर्सिंगच्या शिक्षणात याचा मागमूस नाही. ती मानववंशशास्त्र शिकली आणि न्यू गिनीच्या डोंगरात गॅडसप लोकांमध्ये जाऊन राहिली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की रुग्णाच्या रीतीतलं काही जसंच्या तसं जपावं, काहीवर बोलून तडजोड करावी, आणि जे घातक आहे ते रुग्णाला सोबत घेऊनच बदलावं. वाचायला सोपं. पण कुठली रीत कुठल्या खणात टाकायची हे रात्री दोन वाजता, वॉर्डात एकटीला ठरवायचं असतं.

काळा दोरा घ्या. विद्युत चाकूनं शस्त्रक्रिया करताना अंगावर धातू असला तर भाजण्याचा धोका असतो, म्हणून ताईत, पैंजण, मंगळसूत्र उतरवणं रास्तच. पण सुती दोऱ्यात धातू नसतो. छेदापासून लांब, पायात असेल तर त्यावर चिकटपट्टी मारून तो ठेवता येतो. काढायलाच लागला तर रुग्णासमोर, विचारून, गाठ न तोडता सोडवून घरच्यांच्या हाती द्यायचा आणि शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तोच बांधायचा. दोन मिनिटांचं काम. कात्रीनं कचकन कापून कचऱ्याच्या डब्यात टाकायला दहा सेकंद पुरतात, आणि तेच पाहायला मिळतं. दोष नर्सचाही पुरता नाही. एकीच्या गळ्यात एवढ्या खाटा बांधल्या की सेकंदच मोजले जातात.

आंबटाचं प्रकरण मला सर्वांत चकित करणारं वाटतं. आंबट खाल्लं की जखम चिघळते, असं घराघरांत म्हणतात. त्यापायी आवळा, लिंबू, आंबाडी सगळं बंद. आणि कोलॅजनचा धागा पिळून घट्ट करणारं एन्झाइम क जीवनसत्त्वाशिवाय चालतच नाही. याचा भयंकर दाखला समुद्रावरचा आहे. १७४० साली निघालेल्या ॲन्सनच्या ब्रिटिश ताफ्यात स्कर्व्हीची साथ आली, तेव्हा एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी, १६९०च्या बॉइनच्या लढाईत झालेली जखम पुन्हा उघडली. पन्नास वर्षांपूर्वीची! कारण भरलेली जखम म्हणजे एकदा बांधून संपलेली भिंत नव्हे. शरीर तिथलं जुनं कोलॅजन सतत काढतं आणि नवं घालतं. घालणं थांबलं की नुसतं काढणं उरतं. तेव्हा आजीच्या ताटातला आवळा हा चवीचा प्रश्न नाही. पण ‘हे सगळं खोटं आहे’ म्हणून भागत नाही. लोणचं नको, मसाल्याचं नको, पण उकडलेला आवळा पथ्याला चालतो असं सांगितलं तर सून ऐकते, कारण पथ्य ही चौकट तिचीच राहते.

खर्ऱ्याशी मात्र तडजोड नाही. सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला हा खर्रा या दोन जिल्ह्यांत बाया-बाप्यांच्या गालात असतो; गडचिरोलीत तर ‘मुक्तिपथ’ नावाचं दारू-तंबाखूविरोधी अभियानच त्यासाठी चालतं. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि जखमेला रक्त कमी पोचतं. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी एखादे काका चिडतात, नळ्या ओढतात, झोपत नाहीत. वॉर्ड म्हणतो, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ तलफ आलेली असते, ती कोणी विचारलेलीच नसते. गंमत अशी, की २००२ साली जपानी सर्जननी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना च्युइंगगम चघळायला दिलं आणि त्यांची आतडी लवकर हलू लागली. जबडा चालला की मेंदूला वाटतं जेवण आलं, आणि तो आतड्याला जागं करतो. तेव्हा काकांचं तोंड चालू राहायला हरकत नाही, आत काय आहे ते बदलायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर बिनसाखरेचं गम.

घरचं माणूस जवळ ठेवण्यालाही मर्यादा आहेत, हे सांगायला हवं. दहा नातेवाईक म्हणजे वीस हात, आणि हातांवरून जंतू फिरतात. शोधग्रामची झोपडी अतिदक्षता विभागात आणता येत नाही. पण एक माणूस निवडून, त्याला हात धुवायला, कूस बदलायला, जखम पाहायला शिकवता येतं. गडचिरोलीनंच हे जगाला दाखवलं आहे: सर्चनं ३९ गावांतल्या साध्या बायांना नवजात बाळांची शुश्रूषा शिकवली, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. जे दीड किलोच्या बाळाचं जमतं, ते आजीच्या टाक्यांचं का जमू नये?

कारण खरी शुश्रूषा सुट्टी मिळाल्यावर सुरू होते. छेदाची ताकद ३ आठवड्यांनी मूळ कातडीच्या जेमतेम पाचवा भाग असते. ३ महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते. पूर्वीइतकी कधीच होत नाही. टाके काढले म्हणजे झालं, असं आजीला वाटतं. कागदावर छापलेलं असतं ‘जड वस्तू उचलू नये’. आजीच्या लेखी पाण्याची गुंडी जड नाही, हातपंप मारणं म्हणजे उचलणं नाही, आणि मार्चमध्ये पहाटे मोहफुलं वेचणं हे तर कामच नाही. म्हणून सुट्टीच्या वेळी विचारायचे प्रश्न वेगळे: पाणी कोण भरते? सरपण कोण आणते? मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाणार का?

जाणारच, हे उत्तर ठरलेलं. वर्षाची रोकड त्यात असते. मग तोडायला सुनेनं जायचं, आणि ७० पानांचा पुडा बांधायचं बसकाम आजीनं घ्यायचं, तेही भिंतीला पाठ टेकून. सुनेचा हात धरून टाक्यांच्या शेजारी टेकवायचा, मग पोटाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे तिला फरक हातानं कळेल. “रोज असा हात लावून पाहायचा. गरम लागलं, कडक लागलं, तर लाल दिसायची वाट पाहू नका. पुडे राहू द्या आणि त्याच दिवशी चिमूरला घेऊन या.”